डॉक्टर येईपर्यंतचा तास

वाचकहो, मानकोली हे गाव तुमच्यापैकी अनेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. मुंबई-नाशिक महामार्गाने ठाण्याची खाडी ओलांडून भिवंडीच्या बाजूला निघाले की मानकोली नाका लागतो. एके काळी या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे होती. आज तेथे गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. रात्रंदिवस ट्रक येतात, माल उतरतो, माल चढतो. उल्हास नदीच्या खाडीवर डोंबिवलीला जोडणारा नवा पूलही झाला आहे. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, ठाण्यात जिल्हा रुग्णालय आहे, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. चहूबाजूंना डॉक्टर आहेत. मग अशा गावाने नर्सबाईंची एवढी फिकीर का करावी, असे कोणालाही वाटेल.

पण समजा, आषाढातली रात्र आहे. पाऊस धो धो कोसळतो आहे. घरातल्या सुनेला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. गाडी आणायला गेलेला दीर नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकून पडला आहे. आशाताईंनी निरोप दिला म्हणून उपकेंद्राच्या नर्सबाई घरी आल्या, आणि त्या हात धुतात न धुतात तोच बाळ बाहेर आले. बाळ रडले. सगळ्यांना हायसे वाटले. दिराने फोनवर विचारले, तर त्याला सांगितले, "मुलगी झाली, सगळे ठीक आहे." आणि दहा मिनिटांनी सासूबाईंच्या लक्षात येते की सुनेच्या अंगाखालची गोधडी भिजत चालली आहे.

आता रुग्णालय किती मैलांवर आहे हा प्रश्न मागे पडतो. त्या खोलीत कोण आहे, तिला काय येते आणि ते करण्याचा तिला अधिकार आहे की नाही, एवढेच तीन प्रश्न उरतात. आजचा हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

बांध फुटला तर माती कोणी टाकायची?

खाडीकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. खारजमिनीच्या बांधाला भरतीच्या वेळी खांड पडली, तर कोणी साहेबाच्या मंजुरीची वाट पाहत बसत नाही. जो बांधावर असतो तो पहिली पाटी टाकतो. पक्के काम नंतर होते. पण पहिली पाटी वेळेवर पडली नाही, तर पक्क्या कामाला शेतच उरत नाही.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचे असेच आहे. वार गर्भाशयापासून सुटली की त्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त जात असते. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय मुठीसारखे घट्ट आवळले, की त्या वाहिन्या आपोआप दाबल्या जातात आणि रक्त थांबते. ते आवळले नाही, सैल राहिले, तर नळ उघडा राहिल्यासारखे होते. असा जोराचा रक्तस्राव सुरू झाल्यावर उपचार न मिळाल्यास साधारण दोन तासांत बाई दगावू शकते, असे या विषयातले जाणकार सांगतात. आणि अंगात आधीच रक्त कमी असेल, तर तेवढाही वेळ मिळत नाही.

म्हणून गर्भाशय आवळण्याचे औषध ज्याच्या हाती आहे, त्याने ते तेथल्या तेथे द्यावे लागते. डॉक्टर येतील, मग लिहून देतील, मग टोचू, असे म्हणून चालत नाही.

एकच सुई, दोन परिणाम

या औषधाचे नाव ऑक्सिटोसिन. हे नाव तुमच्यातल्या म्हशी पाळणाऱ्यांनी ऐकलेले असते. पान्हा लवकर सोडावा म्हणून काही तबेल्यांत हे इंजेक्शन म्हशीला टोचतात. ते बेकायदा आहे आणि जनावराला क्रूरपणे वागवणे आहे. पण माणसाच्या बाळंतपणात हेच औषध जीव वाचवते आणि जीव घेऊही शकते. फरक फक्त वेळेचा असतो.

बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, हे इंजेक्शन मांडीत दिले तर गर्भाशय आवळते, वार लवकर सुटते आणि रक्तस्राव टळतो. बाळ बाहेर येण्यापूर्वी, कळा वाढाव्यात म्हणून घरी कोणी हीच सुई टोचली, तर कळांचा जोर आवरत नाही. बाळ गुदमरते आणि प्रसंगी गर्भाशय फाटते. म्हणून "बाई, कळांची सुई लावून मोकळे करा," असा आग्रह नर्सबाईंना कधी करू नका. त्यांनी नकार दिला, तर तो त्यांच्या ज्ञानाचा पुरावा समजा.

आणखी एक गोष्ट. हे औषध उन्हाने आणि उकाड्याने बिघडते. ते थंड ठेवावे लागते. उपकेंद्रातला बर्फाचा डबा किंवा फ्रीज बंद पडला असेल, तर नर्सबाईंचा अधिकार कागदावरच राहतो.

नर्सबाईंच्या हाती काय दिले आहे?

आपल्यापैकी कित्येकांचा असा समज असतो की, नर्स म्हणजे डॉक्टरांची मदतनीस. डॉक्टरांनी सांगावे, तिने करावे. मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात काही अंशी तसे असेलही. पण गावातले उपकेंद्र मुळात डॉक्टरशिवाय चालावे अशाच हिशेबाने उभे केलेले आहे. सपाट भागात ५,००० लोकांमागे आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण सरकारने ठरवलेले आहे. डॉक्टर बसतात ते प्राथमिक आरोग्य केंद्रात. ते सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक असते. म्हणजे उपकेंद्रात जी बाई आहे, तिला दिवसातून अनेकदा एकटीनेच निर्णय घ्यावा लागतो.

पूर्वी या निर्णयांना फारसा आधार नव्हता. प्राण वाचवणारी काही इंजेक्शने नर्सबाईंनी आपल्या अधिकारात देण्याची मुभा नव्हती. २००५ साली केंद्र सरकारने नर्सबाईंसाठी बाळंतपणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१० साली त्या सुधारल्या. प्रशिक्षण घेतलेल्या नर्सबाईंना त्यात डॉक्टर समोर नसतानाही काही गोष्टी करण्याचा अधिकार दिला. तो तुम्हीही समजून घ्या:

बाळंतपणानंतर गर्भाशय आवळण्याचे इंजेक्शन किंवा त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देणे. रक्तस्राव होत असेल तर शिरेतून सलाईन सुरू करून पुढे पाठवणे. गरोदर बाईचा रक्तदाब वाढून झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा टोचून मगच गाडीत घालणे. बाळंतिणीला जंतुसंसर्गाचा ताप असेल तर प्रतिजैविकाची पहिली मात्रा देणे.

बाळासाठीही असेच आहे. जन्मल्यावर बाळ रडले नाही, तर त्याला पुसून, ऊब देऊन, गरज पडल्यास पिशवी आणि मुखवट्याने श्वास देण्याचे शिक्षण नर्सबाईंना मिळते. हा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ साली सुरू झाला. पहिले मिनिट सोन्याचे, असे त्यात शिकवतात.

या सगळ्यात "पहिली मात्रा" हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते लक्षात घ्या. नर्सबाईंनी डॉक्टर व्हावे असे कोणी म्हणत नाही. पहिली पाटी त्यांनी टाकायची, पक्का बांध रुग्णालयात घालायचा.

गडचिरोलीने दाखवलेली वाट

हा अधिकार आकाशातून पडला नाही. त्याच्यामागे आपल्याच महाराष्ट्रातला एक मोठा प्रयोग आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथील खेड्यांत १९९३ ते १९९५ या काळात त्यांनी मोजदाद केली, तेव्हा जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. बाळंतपण घरीच व्हायचे. आजारी बाळाला रुग्णालयात न्या म्हटले, तर आईबाप नेत नसत. लांबचा रस्ता, पैशाची चणचण आणि ओल्या बाळंतिणीने घराबाहेर पडायचे नाही ही रीत, अशी त्याची कारणे.

बाळ रुग्णालयात जात नसेल, तर उपचारच घरी न्यावा, असे त्यांनी ठरवले. ३९ गावांतून पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला, ऊब द्यायला शिकवले. जंतुदोषाची ठराविक लक्षणे शिकवली. बाळाने दूध ओढणे सोडले, रडणे क्षीण झाले, अंग सैल पडले, की समजायचे काय ते. आणि आईबापांची संमती घेऊन जेंटामायसिनचे इंजेक्शन टोचण्याचा अधिकारही त्यांच्या हाती दिला.

गावातल्या कमी शिकलेल्या बाईने एवढ्याशा बाळाला सुई टोचायची? ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा अशीच ही गोष्ट. पण तिसऱ्या वर्षी हिशेब मांडला, तेव्हा या गावांत पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून २५ वर आले होते. हा उपक्रम नसलेल्या शेजारच्या ४७ गावांत ते हजारी ६० च्या आसपासच राहिले. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी पूर्वी सोळा-सतरा दगावत, ते प्रमाण तीनच्या आत आले. १९९९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला आणि जगभर त्याची चर्चा झाली.

पुढे २०११ साली आशाताईंनी घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची योजना देशभर सुरू झाली. २०१४ साली केंद्र सरकारने नर्सबाईंनाही परवानगी दिली. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात जंतुदोषाची लक्षणे दिसली, तर जेंटामायसिनची पहिली मात्रा देऊन बाळाला पुढे पाठवावे, आणि पुढे नेणे शक्यच नसेल तर उपचार तेथेच पूर्ण करावा, असा हा नियम आहे.

गडचिरोलीतून एक गोष्ट मात्र नीट उचलली पाहिजे. तेथे सुई बाईच्या हातात दिली आणि पाठ फिरवली, असे झाले नाही. आधी शिक्षण, मग लेखी लक्षणे, दर भेटीची नोंद, आणि वरच्यांची नियमित तपासणी. या चार खुंट्यांवर तो अधिकार उभा होता. एक खुंटी काढली तर मांडव पडेल.

ही कल्पना आजची नाही

१८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळ माळावर रुग्णांसाठी दवाखाना काढला. रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांनी कोणत्या शाळेत नर्सिंगचा कोर्स केला नव्हता. पण रोग्याजवळ जाण्याचे धैर्य हा या धंद्याचा पाया आहे, आणि तो पाया आपल्याकडे असा घातला गेला. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. विधवा आणि गरजू बायकांना तेथून नर्सिंगचे शिक्षण मिळू लागले. चांगल्या घरच्या बाईने परक्याचे अंग पुसायचे का, असे नाक मुरडणाऱ्या काळात त्या बायका ससून रुग्णालयात शिकायला गेल्या.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. तेव्हाच्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित समाजातल्या, आरोग्याचे शिक्षण दिले. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्याच हातून गावातली बाळंतपणे सुखरूप होऊ लागली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि दूर अमेरिकेत काय झाले? १९६५ साली कोलोरॅडो राज्यात लोरेटा फोर्ड या नर्सबाई आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ एकत्र आले. फोर्डबाई खेडोपाडी आरोग्यसेवेचे काम करून आलेल्या. मुलांना तपासायला डॉक्टर पुरत नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. अनुभवी नर्सला आणखी शिकवले, तर ती स्वतः मुलाला तपासेल, साध्या आजाराचे निदान करील आणि अवघड ते पुढे पाठवील, असा अभ्यासक्रम दोघांनी सुरू केला. यातूनच 'नर्स प्रॅक्टिशनर' हा नवा पेशा जन्मला. आपण तिला 'स्वतः तपासून उपचार करणारी नर्स' म्हणू. आज अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांत अशी नर्स डॉक्टरच्या सहीवाचून औषध लिहून देऊ शकते. फोर्डबाई २०२५ साली वयाच्या १०४ व्या वर्षी वारल्या. म्हणजे हा पेशा भरभराटीला आलेला त्यांनी पाहिला.

आपल्याकडची नवी दारे

आपल्या देशातही ही वाट आता उघडते आहे. २०१८ साली केंद्र सरकारने सुईणपणाच्या सेवेविषयी धोरण जाहीर केले. त्यानुसार अनुभवी नर्सला १८ महिन्यांचे जादा शिक्षण देऊन प्रसूतीतज्ज्ञ नर्स तयार करायची, आणि ज्या बाईचे बाळंतपण नैसर्गिक होणार आहे तिची सारी जबाबदारी या नर्सकडे द्यायची, असे ठरले. गुंतागुंत असेल तेथे डॉक्टर. अतिदक्षता विभागासाठीही भारतीय परिचर्या परिषदेने नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे.

२०१८ पासूनच उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले. त्यांनाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात. काही ठिकाणी हे आयुर्वेदाचे पदवीधर असतात, काही ठिकाणी नर्सिंगचे. सहा महिन्यांचे जादा शिक्षण घेऊन ते येतात. रक्तदाब, मधुमेह तपासणे, डॉक्टरांनी एकदा ठरवून दिलेल्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला देणे, अडले तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणे, ही त्यांची कामे. आपल्या आजोबांची रक्तदाबाची गोळी संपली म्हणून भातलावणीचा दिवस मोडून भिवंडीला जायला नको, हा त्याचा साधा अर्थ.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेने परिचर्या आणि सुईणपणाच्या पेशासाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घ्यावी, असा हेतू आहे.

तुमच्या घरात बारावी झालेली मुलगी असेल, तर हेही ध्यानात ठेवा. ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. बी.एस्सी.ला बारावीत विज्ञान लागते. पूर्वी या वाटा मध्येच संपत. आता त्या पुढे जातात.

मग हात आखडतो का?

अधिकार कागदावर आला, तरी तो प्रत्येक वेळी वापरला जातोच असे नाही. त्याची कारणे नर्सबाईंच्या अंगी जेवढी आहेत, त्याहून अधिक आपल्या अंगी आहेत.

पहिले कारण भीती. औषध दिले आणि तरीही बाई दगावली, तर गाव कोणाला धरणार? काहीच न करता "पुढे न्या" अशी चिठ्ठी लिहिली, तर कोणी विचारत नाही. म्हणजे हातपाय हलवणारी अडकते आणि चिठ्ठी लिहिणारी सुटते. असे असेल तर शहाणी बाई चिठ्ठीच लिहील. त्या रिकाम्या चिठ्ठीने किती बाळंतिणींचा वाटेत घात केला असेल, याचा विचार करा. आरोग्यसेवकांवर हात टाकणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा महाराष्ट्रात २०१० साली झाला आणि त्यात नर्सेसही येतात. पण कायद्यापेक्षा गावाने पाठीशी उभे राहणे मोलाचे आहे.

दुसरे कारण कामाचा बोजा. मानकोलीसारख्या भागात हे फार जाणवण्याजोगे आहे. गोदामांमुळे बाहेरगावची, परप्रांतातली कुटुंबे येथे राहायला आली. त्यांच्या बायका गरोदर असतात, त्यांच्या लेकरांना लसी लागतात. मतदारयादीत त्यांचे नाव नसले, तरी नर्सबाईंच्या वहीत ते असावे लागते. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, साथीचे रोग, कुटुंबनियोजन आणि या सगळ्याचे अहवाल, एवढे एका बाईच्या डोक्यावर असते. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामागे घरोघर फिरलेली हीच पावले होती.

तिसरे कारण आपला अविश्वास. "नर्सला काय कळते?" असे आपण म्हणतो, आणि त्याच वेळी "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" असा हट्टही तिच्याकडेच धरतो. जेथे तिला अधिकार आहे तेथे विश्वास ठेवायचा नाही आणि जेथे गरज नाही तेथे सुईचा आग्रह करायचा, ही आपली उलटी रीत आहे.

मर्यादाही ओळखा

स्वतंत्रपणे काम करणारी नर्स म्हणजे सर्व काही करणारी नर्स नव्हे. साप चावला असेल, तर उपकेंद्रात वेळ घालवू नका. जेथे सर्पदंशाची लस आहे त्या ठिकाणी तडक जा. फवारणीचे औषध पोटात किंवा अंगात भिनले असेल, छातीत कळ आली असेल, बाळ आडवे असेल, पूर्वी पोट फाडून बाळंतपण झाले असेल, तर रुग्णालय हेच ठिकाण. रक्त चढवणे आणि शस्त्रक्रिया ही नर्सबाईंची कामे नाहीत, आणि सर्वच उपकेंद्रांत बाळंतपणाची सोय असते असेही नाही. आपल्या जवळच्या उपकेंद्रात ती आहे की नाही, हे सातव्या महिन्यातच विचारून ठेवा. चांगली नर्स आपली हद्द ओळखते आणि हद्द आली की एक मिनिटही न दवडता पुढे पाठवते. पाठवण्याचा निर्णयही तिच्या अधिकाराचाच भाग आहे. तिने "आता न्या" म्हटले की घरात पंचायत भरवू नका.

घराने आणि गावाने एवढे करावे

१. दिवस गेल्याचे कळताच नाव नोंदवा. निदान चार तपासण्या करून घ्या. रक्तवाढीच्या गोळ्या १८० दिवस न चुकता घ्या. अंगात रक्त असलेली बाई रक्तस्रावाला तोंड देऊ शकते.

२. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, अंगावरून रक्त जाणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

३. बाळंतपण रुग्णालयात किंवा सोय असलेल्या केंद्रातच ठरवा. गाडीचा बंदोबस्त आधी करा. १०८ आणि १०२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

४. बाळाच्या नाळेला राख, तेल, हळद काही लावू नका. ती कोरडी ठेवा. बाळाला आईच्या अंगाशी धरा आणि तासाभरात अंगावर पाजा. पहिले पिवळे दूध फेकू नका.

५. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. विटाळ किंवा दृष्ट म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका.

६. ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. उपकेंद्रात ऑक्सिटोसिन आणि मॅग्नेशियम सल्फेट शिल्लक आहे का? ते थंड ठेवण्याची सोय चालू आहे का? नर्सबाईंचे बाळंतपणाचे प्रशिक्षण झाले आहे का? रस्ता आणि गटार यांच्याइतकेच हे प्रश्न गावाचे आहेत.

७. नर्सबाईंना राहायला धड खोली, रात्री दिवा आणि अवेळी बोलावले तर सोबतीला माणूस द्या.

वाचकहो, आता पुन्हा त्या आषाढातल्या खोलीत या. गोधडी भिजते आहे. नर्सबाईंनी पिशवी उघडली आहे. त्यांच्या हाताला औषध लागते की रिकामी कुपी, आणि ते टोचताना त्यांचा हात ठाम राहतो की दाराशी उभ्या माणसांच्या भीतीने कापतो, हे त्या रात्री ठरत नाही. ते त्याआधी कित्येक महिने आपल्या ग्रामसभेत, आपल्या ओसरीवर आणि आपल्या बोलण्याचालण्यात ठरलेले असते.

नर्सला अधिकार म्हणजे तिला दिलेला मान, असे समजू नका. तो त्या बाळंतिणीचा हक्क आहे. उद्या तुमच्या सुनेचा, परवा तुमच्या लेकीचा.